डिकीतली जागा

धाकट्याचा पहिला पगार झाला आणि त्याने जाहीर केलं, "अब्बा, गाडीला सबवूफर बसवायचा." घरात गाडी एकच, साधी हॅचबॅक. आठवड्यातून दोनदा तीच माझ्या अम्मीला डायलिसिसला नेते.

दुकानदाराने 12 इंची वूफर आणि पोर्टवाला बॉक्स दाखवला, जवळजवळ दोन घनफुटांचा. वर ठळक छापलेलं, 2000 वॅट. मी तिथेच म्हणालो, "मग दादीची व्हीलचेअर काय टपावर बांधायची?" मुलगा गप्प झाला. घरी येईपर्यंत बोलला नाही. माझंच चुकलं. त्याच्या कमाईची पहिली हौस होती. परक्या माणसासमोर असं टोचून बोलायला नको होतं.

रात्री तो दादीच्या पायथ्याशी जाऊन बसला. अम्मीचं माहेर मिरजेचं. तिथल्या शिकलगार घराण्यांनी हत्यारांचं काम सोडून सतारी, तंबोरे घडवायला घेतले. ते काम बघतच ती वाढली. सगळं ऐकून म्हणाली, "बेटा, तारा कुणीही ओढतो. आवाज भोपळ्यात असतो."

ते त्याच्या मनात बसलं. दोन दिवस चौकशी करून त्याने मलाच समजावलं. वूफरच्या पडद्यामागून निघणारी लाट पुढच्या लाटेला मारते, म्हणून बॉक्स लागतो. बंद बॉक्स ती लाट कोंडून ठेवतो. तो लहान असतो आणि त्याचा ठोका आटोपशीर. पोर्टवाला बॉक्स तीच लाट वापरून दणका वाढवतो, पण जागा खातो. शिवाय गाडीची बंद केबिन खर्जाला स्वतःच उचल देते, त्यामुळे बंद बॉक्सही कमी पडत नाही. 2000 वॅट हा क्षणभराचा आकडा. बघायचा तो आरएमएस, आणि अँप्लिफायर त्याला जुळणारा हवा.

मग टेप घेऊन त्याने आधी घडी केलेली व्हीलचेअर मोजली, नंतर उरलेली डिकी. त्यात बसला 10 इंची वूफर, पाऊण घनफुटाच्या बंद बॉक्समध्ये. बॉक्स 18 मिलिमीटर एमडीएफचा, सांधे हवाबंद, डिकीच्या तळाशी बोल्टने पक्का. नाहीतर जोरात ब्रेक लागला की तो मागच्या सीटवर आदळायचा. तिथे अम्मी बसते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालूनच वायर मागे नेली. तुमच्या घरात कुणाला अशी हौस असेल, तर या दोन गोष्टींत काटकसर करू देऊ नका.

परवा डायलिसिसहून परतताना अम्मी दमून डोळे मिटून बसली होती. मुलाने हळू आवाजात कव्वाली लावली. थोड्या वेळाने तिची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली.

"इतके दिवस ढोलक शेजारच्या घरात वाजायचा," ती म्हणाली, "आज आपल्याकडे आलाय."

आरशात मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थोडा वाढव."