चूर्णाची साक्ष

औषधी वनस्पती जोवर भूमीत उभी असते, तोवर तिची ओळख पाने, फुले आणि फळे यांवरून पटते. परंतु तीच कुटून, चाळून, इतर चूर्णांत मिसळून हांबुर्गच्या बंदरात उतरली, म्हणजे डोळा, नाक आणि जीभ हे तिन्ही साक्षीदार थकतात, आणि जकातखात्याने अडकवलेला मुद्देमाल आमच्या प्रयोगशाळेत येतो. (अखंड मूळ हाती असेल, तर जुन्या व्यापाऱ्याच्या नाकाविषयी मला आजही आदर आहे.)

जर्मनीतील या कामात मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते कुष्ठाने, म्हणजे आपल्याकडील काष्ठौषधीच्या दुकानांत उपलेट म्हणून मिळणाऱ्या हिमालयीन मुळाने. संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयी १९७३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात ते १९८५ पासून आहे. त्यामुळे रानातून खणलेल्या मुळाचा परदेशी व्यापार निषिद्ध असून, लागवडीचे मूळ आणावयाचे तरी निर्यातीचा परवाना आणि बॉन येथील संघीय निसर्गसंरक्षण कार्यालयाची आयातीची परवानगी लागते.

चूर्णात कुष्ठ आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यातून डीएनए काढावा लागतो, आणि तो काढताना मुळातील शर्करा त्यास चिकटून येतात. त्या धुऊन काढल्यावर आयटीएस-२ नावाचा एक लहानसा तुकडा असंख्य पटींनी वाढवून त्याचा अक्षरक्रम वाचावयाचा. लहानच तुकडा घेण्याचे कारण असे, की वाळवण्यात नि कुटण्यात लांब धागे तुटलेले असतात; उकळून, गाळून केलेल्या काढ्यात तर पुष्कळदा वाचण्याजोगे काहीच उरत नाही, आणि अशा वेळी ‘आढळले नाही’ याऐवजी ‘नव्हते’ असे अहवालात लिहिणे मी अप्रामाणिकपणाचे समजतो. क्रम जुळला तरी तो जात तेवढी सांगतो. मूळ लाहौलच्या शेतातले की उंच कुरणातून चोरून खणलेले, हा निवाडा त्याच्या अधिकारात नाही, आणि म्हणून परवान्याच्या कागदपत्रांची बारकाईने खातरजमा केल्यावाचून आमचे काम पुरे होत नाही.

शिवाय क्रम ताडून पाहण्यास निर्विवाद ओळखीचा नमुना कोठेतरी जपलेला हवा. बर्लिन-डालेमचा विख्यात वनस्पतिसंग्रह मार्च १९४३ च्या बाँबवर्षावात बव्हंशी भस्मसात झाला. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर ज्या संस्थेचे संस्थापक-संचालक होते, त्या १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेत मात्र असा संग्रह आज नांदतो आहे, याचे मला मोठे समाधान वाटते. आपल्याकडील वैद्य, औषधी कारखानदार आणि शेतकरी यांस माझी आग्रहाची विनंती आहे, की मुळांची प्रत्येक नवी खेप घेताना त्याच वनस्पतीचा पाना-फुलांसह दाबून वाळवलेला एक नमुना, स्थळ व तारीख यांच्या नोंदीसह, जवळच्या वनस्पतिसंग्रहात जमा करावा.