यावेळी खेळ माझ्यासाठी!

तुमच्या घरात खेळांचं कपाट आहे का? आमच्याकडे आहे. कॅरमबोर्ड त्याच्या मागे उभा आणि आत सापशिडी, व्यापार, बुद्धिबळ, शिवाय दोन सोंगट्या हरवलेला ल्यूडो. (ल्यूडो म्हणजे आपली पचिशीच बरं का! इंग्लंडमध्ये तिच्यावरून बेतलेल्या खेळाचं पेटंट निघालं आणि ती नाव बदलून माहेरी आली.) यातला प्रत्येक खेळ कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला घेतलेला. माझ्यासाठी म्हणून एकही नाही. या मे महिन्यात ठरवलं, एक खेळ आपला. आणि तोही जिथे बनतो तिथे जाऊन घ्यायचा.

म्हणून सावंतवाडी गाठली. कोकण रेल्वेच्या सावंतवाडी रोड स्टेशनवर उतरलात की शहर काही किलोमीटरवर आहे. मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा. आधी चितारआळीत जा. लाकडी आंबे, केळी, वांगी इतकी हुबेहूब की भाजीवालीशी घासाघीस करावीशी वाटते. मग राजवाड्यात या. तिथल्या दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवत बसलेले दिसतात.

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. बाबरानं १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. आपल्याकडे त्याची दशावतारी गंजिफा झाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे एकूण १२० पाने! मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशा खुणा. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ लावून पाने करत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही कला जाणणारे हात जवळजवळ उरलेच नव्हते. शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली.

किंमत ऐकली आणि माझ्या डोक्यात क्लासची फी, गॅस, गावचा आहेर असं गणित सुरू झालं. मुलांच्या खेळाला मी कधी एवढी अडखळले नव्हते. हे म्हणाले, "घे, फ्रेम करून भिंतीवर लावू." त्यानंच माझं ठरलं. घेतली, पण भिंतीसाठी नाही. चित्रं सुंदर आहेत हे खरं. पण खेळणारेच उरले नाहीत म्हणून तर हे पत्ते भिंतीवर चढले ना!

परतीच्या गाडीत डबी उघडली. हे, मी आणि लेक, प्रत्येकी ४० पाने. एवढी पाने हातात पकडून दाखवा! गोल असल्यामुळे पंखा नीट होत नाही, सारखी घसरतात. हुकूम नसतो. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. यात माझा हमखास घोळ. पहिला हात लेकीनं मारला, दुसराही तिनंच. यांनी चष्मा लावून प्रधानाला राजा समजून टाकला आणि वर माझ्याशीच वाद घातला. शेजारच्या बर्थवरच्या आजी चहा विसरून पाहत बसल्या होत्या.

एक नियम मात्र सगळ्यांना पाठ झाला. दिवसा खेळाची सुरुवात रामाच्या राजाकडून, रात्री कृष्णाच्या.

दुसरा डाव वाटून झाला, रामाचा राजा माझ्याच हातात होता आणि गाडी रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा तो अंधार. लेकीनं माझा हात धरला. "आई, थांब. आता कृष्ण!"

आजींनी तिचीच बाजू घेतली.