पापणीवरची रेघ



आजचा विषय वाचून काही जणींना हसू येईल. पापणीच्या काठावर आयलायनर गोंदवून घेतल्यावर चेहरा कसा धुवावा, हा माझ्या वयाच्या बाईने लिहायचा विषय नाही. पण यंदाच्या पर्युषणात आमच्या घरात जे झालं ते लिहून टाकल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

आमच्या सुनेला दोन वर्षांपूर्वी चाई पडली. डोक्यावर एक रुपयाएवढा गोल डाग पडला, तो औषधाने भरून आला. पण पापण्यांचे केस गेले ते गेलेच. तिने कधी तक्रार केली नाही. मंदिरात मात्र दर आठ दिवसांनी कुणीतरी विचारायचं, "बरं नाही का गं तुला? डोळे असे काय दिसतात?" मी तिच्या शेजारीच असायची आणि मला ते प्रश्न फारसे टोचायचे नाहीत. डोळे माझे नव्हते ना.

एक दिवस ती म्हणाली, "आई, नागपूरला पापणीवर रेघ गोंदून देतात. मला करायचं आहे." मी लगेच अशुचि भावना सांगितली. देह मुळातच अपवित्र, त्याला किती सजवायचं, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "आई, सजायचं नाहीये मला. कुणी विचारू नये एवढंच हवंय." मुलगा तिच्या बाजूने होता. मी गप्प बसले, पण मनातून नाही.

खरं तर गोंदण आपल्याला नवीन नाही. माझ्या आईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. गोंदणारी बाई दारावर यायची, काजळी कालवून सुईने टोचायची आणि वर हळद-तेल लावून जायची. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम बायांच्या हातावरचं गोंदण आजही दिसतं. पण हनुवटी वेगळी आणि पापणी वेगळी. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, आणि तिच्या काठाला बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात. त्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी लवकर सुकत नाही. तिथे चूक झाली तर ती डोळ्यापर्यंत जाते. हे मला नंतर कळलं.

भाद्रपद शुद्ध तृतीयेला ती दोघं नागपूरला जाऊन आली. डोळे थोडे सुजलेले, कड काळीकुट्ट. पहिल्या दिवशी एवढं असतंच म्हणे. सोबत एक कागद दिला होता, काय करायचं आणि काय नाही त्याचा. तो मी वाचला नाही. मला वाटलं, आपल्या घरात पाणी गाळून, उकळून वापरतात, आपल्याला स्वच्छता कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी तिचे डोळे मीच पुसून दिले. पाणी उकळून गार केलेलं, अगदी प्रासुक. कापड मात्र जुन्या मलमलच्या साडीचं, धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलेलं. पावसाळ्याचे दिवस, ते धड वाळलंही नव्हतं. पाण्याची जेवढी काळजी घेतली तेवढी कापडाची घेतली नाही.

पंचमीला दशलक्षण सुरू झालं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. अभिषेक झाल्यावर गंधोदकाची वाटी फिरली. आपण सगळेच ते माथ्याला आणि डोळ्यांना लावतो. सुनेने बोट बुडवून फक्त माथ्याला लावलं. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी तिला नको ते बोलले. मैनासुंदरीने गंधोदकाने श्रीपालाचं कुष्ठ घालवलं आणि तुला रंग जाईल म्हणून भीती वाटते, असं म्हणाले. ती काही बोलली नाही. डबीत आणलेलं गंधोदक तिने घेतलं आणि माझ्यासमोर दोन्ही पापण्यांना लावलं. रात्री खपली मऊ पडावी म्हणून मी वर साजूक तूपही लावलं.

सप्तमीला सकाळी तिला डोळे उघडता येईनात. पापण्या पिवळ्या चिकट पाण्याने चिकटल्या होत्या, उजेड सहन होत नव्हता. आम्ही लोहाऱ्याहून यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावलो. पापण्यांना जंतुसंसर्ग झाला होता, बुबुळ मात्र वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस घरीच काढले असते तर सांगता आलं नसतं. काय काय लावलं, असं त्यांनी विचारलं. सून म्हणाली, "पाण्याने पुसलं होतं." माझं नाव तिने घेतलं नाही. तो दिवस उत्तम आर्जवाचा, सरळपणाचा. मग मीच सांगितलं: ओलसर कापड, तूप, गंधोदक, सगळं. संसर्ग नेमका कशाने झाला ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. पण ताज्या जखमेवर यातलं काहीच जायला नको होतं.

पुढचे दहा दिवस मी त्यांनी सांगितलं तसंच केलं. तुमच्या घरी कुणी असं काही करून आलं तर म्हणून लिहिते.

आधी साबणाने हात नीट धुवायचे, नखांच्या खाचा धरून. उकळून गार केलेलं पाणी किंवा मेडिकलमधून आणलेलं निर्जंतुक सलाईन घ्यायचं. कापड नाहीच, बंद पाकिटातलं निर्जंतुक गॉझ वापरायचं. नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि तो तुकडा टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा तुकडा. घासायचं नाही, टिपायचं. कपाळ, गाल, हनुवटी ओल्या रुमालाने पुसली की चेहरा धुतल्यासारखाच होतो. पापणीवर साबण, बेसन, फेसवॉश काही नाही. केस धुताना मान मागे टाकायची म्हणजे पाणी डोळ्यांत उतरत नाही. उशीचा अभ्रा रोज बदलायचा. वाफ, ऊन, धूळ टाळायची; बाहेर जाताना गॉगल लावायचा. काजळ-मस्कारा नाही, आणि खपली निघेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्सही नाही. मलम डॉक्टरांनी डोळ्यांसाठी दिलेलंच लावायचं, घरचं तूप, एरंडेल, हळद काही नाही. खपली ओढायची नाही. साधारण आठवड्यात ती आपली आपण पडते. रेघ आधी गडद दिसते, मग एकदम फिकी पडते. खरा रंग महिना-दीड महिन्याने कळतो. थोडी सूज, थोडी खाज चालते. पण दुखणं वाढलं, पू आला, अंधुक दिसलं, उजेड टोचला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

करण्याआधीही काही विचारून घ्यावं. सुई आपल्यासमोर नवीन पाकिटातून काढतात का? रंगाची बाटली कुणासाठी आधी उघडलेली आहे का? आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं, रंगात काय आहे? काळा रंग काजळीचा किंवा लोहाच्या भस्माचा असतो, पण हाडं जाळून केलेला काळा रंगही असतो. लाल छटांत किड्यांपासून केलेलं कार्मिन असू शकतं, मलमांत मेण किंवा लोकरीतलं लॅनोलिन. लोहाचा रंग असेल तर पुढे कधी एमआरआय करताना तसं आधी सांगावं लागतं, कारण पापणी गरम लागू शकते. आणि गोंदल्यावर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही. महावीर जयंतीच्या शिबिरात आमची सून दरवर्षी रक्त देते. येत्या वर्षी देता येणार नाही, याचं तिला वाईट वाटतं.

औषधाने जंतू मरतात, मग आपल्या अहिंसेचं काय, हा विचार ड्रॉप्स घालताना माझ्याही मनात आला. पण पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडणारी मी, माझ्याच हाताने सुनेच्या डोळ्यांना इजा केली होती. तिथून सुरुवात करायला हवी होती.

अष्टमीला उत्तम शौचाचं प्रवचन होतं. शौच म्हणजे अंघोळ नव्हे, लोभाचा मळ जाणं, हे दरवर्षी ऐकते. यंदा मी घरी बसून पू पुसत होते. रत्नकरंड श्रावकाचारात निर्विचिकित्सा अंगासाठी उद्दायन राजाचं नाव येतं. मुनींनी ओकलं तरी त्याने किळस न करता सेवा केली. त्याच्या पुढे माझं काहीच नाही. पण माझा मळ कुठला ते मला त्या दिवशी दिसलं. चार बायांनी माझ्या सुनेला चांगलं म्हणावं, हा माझा लोभ होता. गंधोदकावर माझी श्रद्धा आहे आणि राहील. त्या दिवशी मी ते श्रद्धेने दिलं नव्हतं, रागाने दिलं होतं.

क्षमावाणीला मी सगळ्यांच्या आधी तिच्याकडे गेले. हात जोडले तर तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "आई, राहू द्या ना." मी म्हटलं, "राहू द्या नाही, क्षमा म्हण." तेव्हा ती रडली, मीही.

तिचे डोळे आता बरे आहेत. डाव्या पापणीवरची रेघ मध्येच तुटक झाली आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की ती भरून घ्यायला नागपूरला जायचं आहे. मी सोबत जाणार आहे. त्यांनी दिलेला कागद या वेळी आधी मी वाचणार. आणि मंदिरात आता ती गंधोदक फक्त माथ्याला लावते, मीही तिच्या शेजारी उभी राहून तेवढंच लावते. जखम पूर्ण भरेपर्यंत दोघींचं असंच चालेल.