घाटाखालचे भूशास्त्र

भूविज्ञान हे खडक, माती, पाणी आणि त्यांना घडवणाऱ्या प्रक्रियांचे शास्त्र. पर्यावरणविज्ञान त्याच मातीपाण्याचा, हवेचा आणि सजीवांचा अभ्यास माणसाच्या व्यवहाराशी जोडून करते. विद्यापीठांत या दोन शाखांचे विभाग वेगळे असतात, पदव्या वेगळ्या असतात. जमिनीवर मात्र त्यांची फारकत करता येत नाही, आणि बुलडाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात हे विशेष स्वच्छ दिसते.

मोताळा अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली आहे. बुलडाणा शहर घाटावर, मोताळा घाटाखाली, मधे राजूर घाट. घाटावर बुलडाण्याजवळ पैनगंगा उगम पावते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. घाटाखालची नळगंगा, जिच्यावर याच तालुक्यात धरण आहे, उत्तरेला पूर्णेकडे वाहते. पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. भूरूपशास्त्राच्या पहिल्या वर्षात जलविभाजक शिकवला जातो तेव्हा पुस्तकातल्या आकृतीऐवजी हा घाट दाखवावा, इतके हे उदाहरण नेटके आहे.

घाटाचा खडक म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्यातून दख्खनचे पठार तयार झाले. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे आणि महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग त्याखाली आहे. लांबून सगळा कातळ सारखाच काळा दिसतो, पण विहीर खणणाऱ्याला त्यातले भेद ठाऊक असतात. वरचा भाग झिजून मुरूम होतो. काही थर अखंड आणि कठीण असतात. त्यांत पाणी फक्त भेगांतून हिंडते. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या पोकळ्या असतात आणि त्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. हा मांजऱ्या खडक. दोन लाव्हाथरांच्या मधे कधी गेरूसारखा लाल मातीचा पट्टा लागतो. यांपैकी कोणता थर किती खोलीवर आहे, यावर विहिरीचे नशीब ठरते. शेजारच्या दोन शेतांपैकी एकाच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असते आणि दुसऱ्याची फेब्रुवारीत आटते, त्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

या खडकात पाणी मावते तरी किती? भूजलाचे मूल्यांकन करताना झिजलेल्या बेसॉल्टसाठी साधारण २ टक्के हे प्रमाण धरतात; म्हणजे १०० घनमीटर खडकातून २ घनमीटर पाणी हाती येते. वाळूमिश्रित गाळात हेच प्रमाण १६ टक्क्यांपर्यंत जाते. आता हिशेब करावा. एका हेक्टरखालची भूजलपातळी १ मीटरने उतरली, तर २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर पाणी मिळाले. त्याच हेक्टरला ५ सेंटीमीटर उंचीची एक पाळी द्यायची तर ५०० घनमीटर पाणी लागते. एका पाळीला पातळी अडीच मीटरने उतरते. पऱ्हाटीला दोन पाळ्या, हरभऱ्याला दोन, मग मक्याला आणखी, असे करत गावाचा संपूर्ण ताळेबंद मांडला की बोअरवेल अधिक खोल नेल्याने पाणी वाढत नाही, हे आपोआप कळते. जलभूविज्ञान या उपशाखेचा गाभा हाच हिशेब आहे. महाराष्ट्रात भूविज्ञान शिकणाऱ्याने बाकी काही निवडो न निवडो, एवढे तरी मनापासून शिकावे. राज्याला त्याची गरज सोन्याच्या किंवा हिऱ्याच्या शोधापेक्षा कितीतरी अधिक आहे.

घाटापासून उत्तरेला पूर्णेकडे जावे तसे चित्र बदलते. पूर्णेच्या खोऱ्यात बेसॉल्ट खोल गेला आहे आणि त्यावर गाळाचे जाड थर साचले आहेत. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. तिथे पाणी असते, पण खारे. चिकणमातीचे प्रमाण मोठे, निचरा मंद, पाऊस बेताचा; त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. असे पाणी शेताला दिले की सोडियम मातीत साठतो, मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि मग जमीन पावसाचे पाणीही आत घेत नाही. इथे भूवैज्ञानिकाचे काम मृदाशास्त्रज्ञाच्या आणि रसायनशास्त्रज्ञाच्या कामात मिसळते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था या विषयात दीर्घकाळ काम करत आहेत.

मातीतून पिकात आणि पिकातून माणसात काय जाते, हा पर्यावरणविज्ञानाचा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले. पहिला संशय गावच्या पाण्यावर गेला. पुढे बाधितांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. अशा प्रसंगी नमुना कुठून, कसा आणि किती घ्यायचा, यावरच उत्तराची विश्वासार्हता अवलंबून असते. नमुनेशास्त्र आणि सांख्यिकी हे पदवीचे रुक्ष विषय मानले जातात, पण नोकरीत रोज लागतात ते हेच.

लोकांनी हाती घेतलेल्या जलसंधारणातही हे शास्त्र उतरले आहे. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत ७५ तालुके होते आणि मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने साताऱ्याच्या भांडवलीसह दुसरा क्रमांक विभागून मिळवला. सलग समतल चर, शेतातील बांधबंदिस्ती, अनघड दगडी बांध, माती परीक्षण, शोषखड्डे ही सगळी कामे ४५ दिवसांत श्रमदानातून उभी करायची होती. गावाचे कष्ट अपार असतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून चर कुठे घ्यायचा हे खडकाला विचारावे लागते. खाली मांजऱ्या किंवा झिजलेला थर असेल तर पाणी मुरते. अखंड कातळ असेल तर ते उतारावरून पुढे निघून जाते किंवा उन्हात उडून जाते. धुळे जिल्ह्यातील ‘शिरपूर पॅटर्न’ भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी उभा केला. नाला खोलीकरणाच्या या पद्धतीवर पुढे मतभेद झाले आणि ते योग्यच होते, कारण एका खडकात जमलेली रीत दुसऱ्या खडकात तशीच जमेल असे नाही.

हे शिकायचे कुठे? बारावी विज्ञान शाखेनंतर भूविज्ञान घेऊन पदवी आणि पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी हा नेहमीचा मार्ग. बुलडाणा जिल्हा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथे भूविज्ञान आणि पर्यावरणविज्ञान हे दोन्ही पदव्युत्तर विषय आहेत. नागपूर आणि पुणे विद्यापीठांतही भूविज्ञानाचे जुने विभाग आहेत. पदवीनंतर ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत जाता येते. अभ्यासात खनिजे, खडक, जीवाश्म, संरचना, भूजल, दूरसंवेदन हे विषय येतात, पण विद्यार्थी घडतो तो क्षेत्रभेटीत. हातोडी, भिंग, होकायंत्र आणि वही घेऊन उन्हात चालण्याची तयारी नसेल, त्याने ही शाखा घेऊ नये. विदर्भातील विद्यार्थ्यांना एक लाभ आहे. पश्चिमेला सलग बेसॉल्ट, चंद्रपूरकडे गोंडवनाचा दगडी कोळसा, नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजचे प्राचीन खडक, अशी निरनिराळ्या कालखंडांतील दालने एका रेल्वेप्रवासात पाहता येतात.

पर्यावरणविज्ञानाला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र अशा कोणत्याही विषयाचा पदवीधर येऊ शकतो. इथे परिसंस्था, प्रदूषण मापन, पर्यावरण कायदे आणि प्रकल्पांचा परिणाम तपासण्याची पद्धत शिकवली जाते. ही शाखा रुंद आहे आणि तीच तिची अडचणही आहे. सगळ्यातले थोडे येते, एकात पूर्ण गती येत नाही. पाणी तपासणी, हवेचे मापन किंवा नकाशांकन यांपैकी एक कौशल्य पक्के केलेल्यालाच पुढे काम मिळते.

सरकारी नोकऱ्यांत सर्वांत मानाची जागा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची. १८५१ पासून कार्यरत असलेल्या या संस्थेच्या मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरात आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते आणि तिच्यातूनच केंद्रीय भूजल मंडळाचे शास्त्रज्ञही निवडले जातात. पदव्युत्तर पदवी आवश्यक असते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे मुख्य ठिकाण. तिच्या जिल्हा कार्यालयांतील कर्मचारी निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजतात, त्यावरून पाणलोट सुरक्षित आहे की अतिशोषित हे ठरते, आणि टंचाईच्या काळात विंधन विहिरीची जागाही तेच दाखवतात. नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयात आणि जिल्हा खनिकर्म कार्यालयांत, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या नागपुरातील सरकारी कंपन्यांत, तेल कंपन्यांत भूवैज्ञानिक लागतात. जागा मात्र मोजक्या असतात आणि जाहिरातींत काही वेळा वर्षांचे अंतर पडते. विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईवडिलांना हे प्रवेशाच्या वेळीच सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

पर्यावरणाच्या बाजूने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, १९५८ पासूनची नागपूरची ‘नीरी’ ही संशोधन संस्था आणि खासगी प्रयोगशाळा आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांना आधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठीचा अहवाल तयार करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार कंपन्यांत भूविज्ञान, जलविज्ञान, मृदा आणि परिसंस्था अशा प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ लागतो. नवी वाट नकाशांची आहे. उपग्रहचित्रांवरून पीक, जंगल आणि पाणी ओळखणारे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रापासून विमा कंपन्यांपर्यंत पसरले आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आणि अटल भूजल योजना या दोन्हींत बुलडाणा जिल्ह्याचा समावेश झाला, आणि गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे काम त्यांतून निघाले. पुण्यातील ‘अॅक्वाडॅम’ ही संस्था तर पदवी नसलेल्या ग्रामीण तरुणांनाही भूजलाचे प्रशिक्षण देते. तालुक्यातच राहून काम करू इच्छिणाऱ्याने या मार्गाचा गंभीरपणे विचार करावा. पाणाड्याला नारळ देऊन जागा विचारणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत थर समजावून सांगणारा माणूस गावात असणे फार मोलाचे आहे.

संशोधनाकडे वळणाऱ्यासाठी याच जिल्ह्यात लोणार आहे. १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्काघाताने बेसॉल्टमध्ये झाले, हे १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी आघाताने बदललेल्या खनिजांच्या आधारे दाखवले. आधी त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे मानत; २०११ च्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास नेले. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचा असल्याने तिथल्या विवरांशी लोणारची तुलना होते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला.

मोताळ्यासाठी सर्वांत मोठे काम पुढे आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. गोसीखुर्द धरणापासून निघणारे पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब प्रवास करून नळगंगेच्या परिसरात पोहोचायचे आहे. त्या वाटेवर बोगद्यांसाठी खडकाची तपासणी, कालव्याच्या गळतीचा अंदाज आणि वनक्षेत्रावरील परिणामांचे मूल्यमापन लागेल. त्याहून नाजूक काम शेवटच्या टोकाला आहे: खारपाणपट्ट्याला लागून असलेल्या, निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत कालव्याचे पाणी आले की भूजल वर चढून क्षार पृष्ठभागावर येऊ शकतात. कालवा येण्याआधीच प्रत्येक गावाची माती, विहिरींची पातळी आणि पाण्याची क्षारता मोजून ठेवावी लागेल, आणि पाणी सुरू झाल्यावर तीच मोजणी त्याच विहिरींवर वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागेल.