लालबाग, संध्याकाळी सहा

चिवडा गल्लीच्या तोंडाशी तो थबकतो. नाकात तळलेल्या शेंगदाण्यांचा वास, डोक्यावर कुणा साहेबांच्या वाढदिवसाचा फलक.

फलक नवा, हौस जुनी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक उभं केलं, तेव्हा गिरणगावात राजकारण डफावर यायचं. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि भोंगे मुके झाले.

आता चिमण्यांच्या जागी टॉवर.

गणेशगल्लीचा १९२८ पासूनचा उत्सव मात्र चालूच आहे. पावतीपुस्तक घेऊन एक पोरगा आडवा येतो. ‘‘काका, किती लिहू?’’

तो खिसा चाचपतो.