थेंबाचा हिशेब

इंजिनाचे सामर्थ्य त्याच्या आकारात असते, हा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्याने आपले आयुष्य इंधन फवारणारे नोझल खोलण्यात, तपासण्यात आणि पुन्हा बसविण्यात वेचले, त्याला हे पुरते उमगलेले असते की, इंधन किती जाळले याहून ते किती सूक्ष्म करून जाळले, यावरच यंत्राचे बळ, मालकाची काटकसर आणि रस्त्यावरच्या माणसाचा श्वास ही तिन्ही अवलंबून असतात.

रायपूरला लागून असलेल्या बीरगावात माझे ‘पंप-नोझल’चे दुकान आहे. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या भट्ट्यांकडे व रोलिंग मिलांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रीघ इथे अष्टौप्रहर लागलेली असते, आणि त्यांच्या जोडीला डिझेलच्या मोटारगाड्याही दुकानी हजर होतात. तक्रारींचे शब्द ठरलेले: गाडी मिस मारते, पिकअप घेत नाही, काळा धूर सोडते.

डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरात कोंडलेली हवा निव्वळ दाबाने पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तीत नेमक्या क्षणी फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. मात्र द्रवरूप डिझेल जळत नसून त्याची वाफ जळते, व ती थेंबाच्या पृष्ठभागावरूनच निघते. १ मिलिमीटर व्यासाचा थेंब ०.०१ मिलिमीटरच्या कणांत विभागला, तर त्याचे दहा लक्ष कण होतात आणि वजन तितकेच राहूनही पृष्ठभाग शंभरपट वाढतो. अखंड ओंडका धुमसत राहतो आणि त्याच्याच ढलप्या भडभडा पेटतात, त्यामागचे कारण हेच.

रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ सालच्या यशस्वी इंजिनात इंधन आत लोटण्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत लागे, आणि तो पुरविणारे अवजड यंत्र रस्त्यावरच्या वाहनात मावणे अशक्य होते. १९२७ साली बॉशने इंजेक्शन पंपाचे उत्पादन सुरू केले, तेव्हा कोठे हे इंजिन मालमोटारीत सुखाने नांदू लागले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरात मायको ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे तिच्या नाशिक येथील सातपूरच्या कारखान्यातून निघालेली नोझले देशभरच्या गाड्यांत पोहोचली.

जुन्या पद्धतीच्या नोझलात स्प्रिंगने दाबून धरलेली एक सुई असते. पंपाचा दाब दोनशे बारच्या आसपास गेला की ती उचलली जाते, बारीक छिद्रांतून फवारा सुटतो, आणि दाब उतरताच ती तत्काळ मिटते. सुई आणि बॉडी यांच्यातील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते व ती जोडी एकत्रच घासून जुळविलेली असते. म्हणून एका बॉडीची सुई दुसरीत घालणे हा आमच्या धंद्यात अक्षम्य कसूर होय. १९९७ पासून मोटारगाड्यांत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत सुई केव्हा उचलावी याचा हुकूम संगणक देतो. आरंभीचा १३५० बारचा दाब आता दोन हजारांपलीकडे गेला आहे. दर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला १००० वेळा फवारणी होते आणि प्रत्येक वेळी तिच्या वाट्याला दोनेक मिलिसेकंदच येतात. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्टर तीन-चार बारवर भागवतो, तरी नेमकेपणाची मागणी तिथेही कमी नाही.

हाताच्या टेस्टरवर दांडा दाबला की निर्दोष जुने नोझल बारीक करकरते आणि धुक्यासारखा फवारा सोडते. सदोष नोझल मुकाट्याने धार धरते किंवा टपकते. ते करकरणे कानात मुरावे लागते. फवाऱ्यासमोर हात नेऊ नये, हा माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना दिलेला पहिला धडा असतो, कारण तो त्वचा भेदून इंधन मांसात उतरवतो. टपकणारे नोझल पिस्टनच्या माथ्यावर अर्धवट जळते इंधन ओतते. प्रथम धूर येतो, मग ॲव्हरेज घटते, आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टनच वितळतो. या विनाशाचे मूळ बहुधा टाकीतले पाणी किंवा वेळेवर न बदललेला फिल्टर इतके क्षुल्लक असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जनाचे मानक लागू झाले आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली; परंतु इंधन कितीही शुद्ध असले, तरी बिघडलेले नोझल त्याची काजळीच करते.

म्हणूनच आधी तपासणी, मग बदल, आणि प्रत्येक नोझलाचा दाब व गळती कागदावर लिहून मालकाच्या हाती देणे, हा माझ्या दुकानाचा शिरस्ता आहे. कारण सिलिंडरात काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, आणि जे त्याला दिसत नाही त्याचा हिशेब मीच द्यायला हवा. बीरगावच्या हवेवर भट्ट्यांचा भार पडतोच. तीत माझ्या हातून गेलेल्या गाडीची काजळी मिसळू नये, एवढा अधिकार मात्र माझ्याकडे आहे, आणि तो मी सोडणार नाही.