वाळू ओली आहे, हे कोण सांगणार?

माळावर नवा कारखाना काढणाऱ्या माणसाला एक प्रश्न चैन पडू देत नाही: रात्रीची राखण कुणाच्या हाती सोपवायची? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळ आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेली ती जमीन निवडुंगानं माजलेली होती. सोबत थोडी कामगार कुटुंबं. या किर्लोस्करवाडीच्या रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी नेमले ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही तुरुंगात शिक्षा भोगून सुटलेले. अख्ख्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१चा कायदा देशात होता, त्या काळातली ही नेमणूक आहे.

हा प्रसंग सांगितला की आमच्याकडचे उद्योजक मान डोलावतात आणि म्हणतात, ‘ती माणसंच वेगळी होती हो.’ मला हे उत्तर पटत नाही. माणसं वेगळी होती म्हटलं की आपण सुटतो. लक्ष्मणरावांनी केलं ते रोजचं व्यवस्थापनाचं काम होतं. विश्वास आधी टाकला. तो कमावून दाखवा, मग बघू, अशी अट घातली नाही.

सातारा, कऱ्हाड, पलूस, इस्लामपूर, कुपवाड या पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये सुपरवायझर आणि लाइन इन्चार्ज मंडळींना शिकवणं हे माझं काम. यंत्राचं शिक्षण त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. मी बोलते ते हाताखालच्या माणसांशी त्यांचं जे चालतं त्याबद्दल. मालक मला बोलावतात तेव्हा तक्रार ठरलेली असते: माणसं टिकत नाहीत, कुणाला जबाबदारी नको, सगळे फक्त घड्याळाकडे बघतात. मी त्यांना एकच गोष्ट बघायला सांगते. तुमच्या शॉपवर कुणी वाईट बातमी आणली, तर तिच्यावर पहिलं वाक्य काय येतं?

ओतकामाचा कारखाना घ्या. सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ते बरेच आहेत. साच्याच्या वाळूत ओलावा साधारण तीन ते चार टक्के लागतो. तो वाढला की चौदाशे अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड आत पडताच वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते, आणि नाही सापडली तर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. हाच ब्लो होल. वरून माल चकचकीत दिसतो. फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई होते, रंग लागतो, माल मशीन शॉपला जातो, आणि पहिला कट घेतल्यावर भोक उघडं पडतं. तोवर वीज, मजुरी, वेळ सगळं त्यात गेलेलं असतं. ग्राहकाकडे जाऊन उघडं पडलं तर विचारायलाच नको.

हे सगळं आधी कुणाला कळतं? जुन्या मोल्डरला. तो वाळूची मूठ वळतो, दाबतो, मोडून बघतो. लॅबचा आकडा येण्याआधी त्याचा तळहात सांगतो. तो म्हणतो, “साहेब, वाळू जरा ओलीच वाटतीया.” आता समोरून दोन प्रकारची उत्तरं येऊ शकतात. एक, “थांबा, बघू.” वाळू परत घोळायला दहा-पंधरा मिनिटं जातात, काम पुढे सुरू होतं. दुसरं, “तुला कुणी विचारलं? तू लॅबवाला आहेस का?” हे दुसरं उत्तर मी एका कारखान्यात माझ्या कानांनी ऐकलं आहे. तरुण इंजिनिअर होता, डिस्पॅचचं दडपण होतं, माणूस वाईट नव्हता. पण त्या एका वाक्यानंतर तो मोल्डर पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. त्याच्या शेजारचे दोन हेल्परही त्या दिवशी तेच शिकले. संस्कृती म्हणतात ती अशी घडते, भिंतीवर लावलेल्या फलकांनी नाही.

चूक झाल्यावरचा पहिला प्रश्नही असाच. आपल्याकडे तो बहुतेक वेळा ‘कुणी केलं?’ असा असतो. हा प्रश्न पडला की सगळ्यांच्या नजरा खाली जातात आणि थोड्या वेळानं एक नाव पुढे येतं. ते बहुधा गैरहजर माणसाचं, मागच्या पाळीच्या माणसाचं किंवा ठेकेदाराच्या हेल्परचं असतं, कारण त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नसतं. ‘काय झालं? पहिल्यांदा कधी लक्षात आलं?’ असं विचारलं तर माणसं क्रमानं सांगू लागतात. भट्टी उशिरा तापली, घाईत साचे भरले, मिक्सरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह दोन दिवस गळतोय. माणसाच्या नावावर चौकशी थांबते, व्हॉल्व्ह गळतच राहतो. शिस्त नको असं मी म्हणत नाही. ज्यानं मुद्दाम कामचुकारपणा केला त्याच्यावर कारवाई जरूर व्हावी. फक्त ती चौकशीच्या शेवटी यावी.

आता हाक मारण्याबद्दल. सातारा-सांगलीकडची भाषा रांगडी आहे आणि मला ती प्रिय आहे. ‘आरं, हिकडं ये की’ यात आपुलकी असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण मी बघते ती एक गोष्ट: ही हाक उलट दिशेनं जाऊ शकते का? दोन मोल्डर एकमेकांना आरं म्हणतात तेव्हा ती मैत्री. चोवीस वर्षांचा इंजिनिअर पन्नाशीच्या मोल्डरला ‘ए, इकडे ये’ म्हणतो आणि मोल्डर त्याला ‘साहेब’ म्हणतो, तेव्हा ती मैत्री राहत नाही. हाच इंजिनिअर गावाकडच्या जत्रेत याच माणसाला भेटला असता तर नाना, मामा, आप्पा असंच काहीतरी म्हणाला असता. गेटमधून आत येताना हे संस्कार सायकल स्टँडवर ठेवून यायचे, असा कुठला नियम आहे? ओडिशा-बिहारकडून आलेल्या मुलांची तर नावंच कुणाला माहीत नसतात. सरसकट ‘ए भैया’. तासगावकडच्या बेदाणा निवडीच्या शेडमध्ये बायकांना ‘ए बायांनो’ म्हणून हाकलणारा मुकादम आणि नाव घेऊन ‘ताई’ म्हणणारा मुकादम, या दोघांकडच्या बायका दुखणं, त्रास, वाईट नजर यांबद्दल सारख्याच मोकळेपणानं बोलतील का? २०१३च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली. समितीचा कागद भिंतीवर लागतो. पण तक्रार तिथवर पोहोचायची तर रोजच्या बोलण्यात आधी थोडी जागा असावी लागते.

याच जिल्ह्यांतला आणखी एक धडा जेवणाच्या पंगतीतला. कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था उभी करण्याच्या काळात किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत असत. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. भाऊरावांनी भाषणंही दिली, पण त्यांचा खरा भरवसा एका चुलीवर आणि एका पंगतीवर होता. आजच्या कॅन्टीनमध्ये मी पहिल्यांदा बघते ते हेच. कंपनीची माणसं आत टेबलावर आणि ठेकेदाराची माणसं शेडच्या मागं डबा उघडून बसलेली असतील, तर ‘टीम’ या शब्दावरचं माझं व्याख्यान मी तिथंच गुंडाळते आणि आधी मालकांशी बोलते. एका कारखान्यात मालकांनी कॅन्टीनचं दार सर्वांना खुलं केलं. पहिले काही दिवस कंत्राटी मुलं दारातच घुटमळली. मग एक वयस्कर ऑपरेटर उठला आणि आपल्या बाकावर सरकून त्यानं त्यांना जागा करून दिली. मालकांच्या सूचनेपेक्षा त्या सरकण्याचं काम मोठं होतं.

एका वाक्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ म्हणणाऱ्याच्या मनात चांगलं असतं, हे मान्य. पण कुटुंबात कुणी ओव्हरटाइमचे पैसे मागत नाही, आणि थोरल्यांच्या चुका धाकट्यांनी दाखवायच्या नसतात. नेमक्या या दोन गोष्टी कारखान्यात व्हायलाच हव्यात. किर्लोस्करवाडीबद्दल मला आदर आहे. तिथं अस्पृश्यतेला थारा दिला नाही, शाळा सोडलेल्या अनंतराव फळणीकरांसारख्या माणसातला कल्पक इंजिनिअर ओळखला, ही फार मोठी गोष्ट. तरीही मालक, घरमालक आणि वाडीचा कारभारी एकच असतो तिथं कामगाराला ‘नाही’ म्हणणं जड जातं, हेही आज शिकणाऱ्यानं नजरेआड करू नये. कुटुंबाची ऊब घ्यावी, पण हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि तक्रारीचा हक्क लेखी असावा.

शिक्षा झालेल्यांवर विश्वास टाकण्याचा पुढचा प्रयोगही औंध संस्थानातच झाला. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनिअर, बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांच्या विचारातून १९३०च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी तिथं उंच भिंतींशिवाय राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा या कल्पनेवरचा चित्रपट. पटकथा गदिमांची, आणि गदिमा आटपाडीकडच्याच माडगूळचे. १९३९ साली याच राजानं संविधान देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली, हे मी मुद्दाम जोडून सांगते. कैद्यांवर विश्वास टाकणारा वरचा माणूस स्वतःचा अधिकार सोडायलाही तयार होता. सगळा बदल फक्त खालच्यांनी करायचा, असं तिथं नव्हतं.

परदेशातलं याच जातीचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटचं. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब माल यांसाठी बदनाम होता. १९८२ साली तो बंद केला. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि कामगार बहुतेक जुनेच, युनियनही जुनीच घेतली. फरक हा की चूक दिसली तर डोक्यावरचा दोर ओढून लाइन थांबवायचा अधिकार आता साध्या कामगाराला होता, आणि दोर ओढला की त्याचा टीम लीडर मदतीला धावत येई. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा कंपनीच्या इतर कारखान्यांनी हेवा करावा असा झाला. दोर आपल्याकडेही बसवता येतो. काही ठिकाणी बसवलेलेही आहेत, लाल दिव्यांसकट. पण दिवा लागल्यावर सुपरवायझर ओरडत येणार असेल, तर तो दिवा लागतच नाही.

सुपरवायझर असा का वागतो, याचं उत्तर मला फार वेळा एकाच ठिकाणी सापडतं. उत्तम मोल्डरला एके दिवशी सुपरवायझर केलं जातं. पगार वाढतो, शर्टाचा रंग बदलतो, हातात वॉकीटॉकी येते. माणसांशी कसं बोलायचं, हे त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. मग तो त्याच्याशी जसं बोललं गेलं तसंच पुढे बोलतो. वरून प्लांट हेड रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर खराब पार्टचा फोटो टाकतो, खाली ‘हू इज रिस्पॉन्सिबल?’ आणि सुपरवायझरचं नाव. शे-दीडशे माणसांसमोर झालेला तो अपमान सकाळच्या पाळीत हेल्परपर्यंत पोहोचतो. याउलट किर्लोस्करवाडी बघा. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या बातम्यांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढलं आणि त्यातून पुढे मराठीतलं नामवंत मासिक उभं राहिलं. आपल्या माणसांपुढे काय छापून जातं याची त्यांना केवढी फिकीर होती! आज हातातल्या ग्रुपवर तेवढी फिकीर केली तर पुष्कळ. म्हणून मी प्लांट हेडना पहिली विनंती करते ती ही: ग्रुपवर फोटो पार्टचा टाका, माणसाचं नाव नको. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी सकाळी समोर बसून बोला.

शेवटी एक सूचना हा बदल सुरू करणाऱ्या मालकांसाठी, कारण सुरुवातीच्या महिन्यांतच बरेच जण माघार घेतात. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं १९९०च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या एकजुटीच्या तुकड्यांत चुका कमी सापडतील, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या तुकड्यांच्या नावावर चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की त्या तुकड्या चुका लपवत नव्हत्या. तुमच्या कारखान्यातही असंच होईल. माणसं बोलू लागली की पहिले दोन-तीन महिने रिजेक्शनची वही फुगेल. ‘मॅडम, तुमचं ट्रेनिंग झालं आणि चुका वाढल्या,’ असा फोन मला येतो. त्या महिन्यात वही बंद करू नका आणि कुणाचा इन्सेंटिव्हही कापू नका. मासिक मीटिंगला स्वतः बसा, आणि ज्यानं सगळ्यात जास्त नोंदी केल्या आहेत त्याला आधी बोलू द्या.